रामकिसनच्या दुकानातली ‘बाहेर गेलेली’ कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. रंग काळा, आकार साधारण तुमच्या वहीएवढा, आणि डाव्या कोपऱ्याला एक चीर. माझ्या बहुतेक बहिणी आता राहिल्या नाहीत. कितीतरी जणींची फीत ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलायला काठ्यांना बांधलेली मी पाहिली आहे. वाऱ्यावर ती फडफडते, चमकते आणि पाखरं उडून जातात. एकेकाळी जिच्यासाठी माणसं रांग लावत, तिचं हे असं होतं. माझंही तेच व्हायचं होतं, किंवा त्याहून वाईट. पण मी वाचले. आधीच सांगून टाकते, माझ्या कहाणीचा शेवट चांगला आहे. तेव्हा निवांत बसा आणि ऐका.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा कोरी होते. कोऱ्या कॅसेटीला स्वतःचं काही नसतं. कोणी लग्न भरतं, कोणी बारसं, कोणी दुसऱ्याच्या सिनेमाची नक्कल. माझ्या नशिबात यापैकी काहीच आलं नाही. १९८८ साली जालन्यात मला धर्मराजने विकत घेतलं आणि माझ्यात एक असा सिनेमा भरला, जो दुसरीकडे कुठेच नव्हता.

धर्मराज मूळचा तीर्थपुरीचा. घरी शेती होती, पण त्याचं मन कॅमेऱ्यात. खांद्यावर घेऊन फिरायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा त्याने घेतला आणि जालन्यात राहून तो लग्नांची शूटिंग करू लागला. एकदा शूटिंगसाठी तो भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला गेला. तिथे मांडवाबाहेर त्याला राधाकिसनमामा दिसले. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. साठीच्या आसपासचे, मेंढरं राखणारे, डोक्याला पांढरा पटका आणि काखेत कोकरू. सगळे लोक कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. मामा मात्र कोकराच्या पायातला काटा काढत होते आणि कॅमेऱ्याने मध्ये येऊन उजेड अडवला म्हणून त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं. धर्मराज तिथेच हरला. मुंबईच्या मोठ्या सिनेमातल्या नटाला जे जमत नाही ते या माणसाला जमतं, असं त्याचं मत झालं. मत माझंही तेच आहे, पण मी घरची, माझं कोण ऐकणार.

लग्नसराई संपल्यावर तो पुन्हा धावड्याला गेला आणि आठ दिवसांत सिनेमा झाला. नाव होतं ‘विकायचं कोकरू’. गोष्ट एवढीच: एक म्हातारा कोकरू विकायला बाजारात जातो. येईल त्या गिऱ्हाइकात खोट काढतो. हा मारकुटा दिसतो, याच्या दारात पाणी नसेल, याची बायको कोकराकडे बघून नाक मुरडते. दिवसभर फिरून संध्याकाळी तो कोकरू घेऊनच घरी परततो आणि बायकोला सांगतो की आज बाजारात गिऱ्हाईकच नव्हतं. बायकोचं काम मामांची खरी बायको साखराबाई यांनीच केलं. शेवटी त्या काही बोलत नाहीत, फक्त कोकरासाठी पाण्याचं घमेलं पुढे सरकवतात. एक तास पाच मिनिटांचा सिनेमा. त्यात ना गाणं, ना मारामारी, ना नावाजलेलं कोणी.

निघताना मामांनी विचारलं, “धर्मराज, आम्हाला कधी दाखवतू मंग?”

“टीव्ही घेऊन येतो मामा. तुमच्याच घरी लावू,” धर्मराजने शब्द दिला.

हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

जालन्याला आल्यावर त्याने मूळ कॅसेटवरून सिनेमा माझ्यात उतरवला. मग माझ्या पाठीवरची छोटी खिट्टी मोडली. ही खिट्टी मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. “आता तुला कुणी पुसू शकत न्हाई,” तो म्हणाला. किती भोळा होता. त्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आपल्या सिनेमावर कोणी पट्टी लावेल, असं कुठल्या बापाला वाटतं?

मला त्याने जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका व्हिडिओ लायब्ररीत दिलं. दुकान रामकिसनचं. सकाळ-संध्याकाळ तो बसायचा आणि दुपारी त्याची बायको उषाबाई. तिथून लोक कॅसेट न्यायचे, सणासुदीला टीव्ही आणि व्हीसीआरसुद्धा न्यायचे. खेड्यातली माणसं टीव्ही गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून एसटीत बसायची. तान्ह्या बाळालाही कोणी एवढं जपत नसेल.

त्या दुकानाची एक रीत होती. प्रत्येक कॅसेटच्या डब्यात पुठ्ठ्याचं एक कार्ड असायचं. कॅसेट परत करताना सिनेमा कसा वाटला ते त्यावर एका ओळीत लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं आणि उषाबाई शब्द न बदलता लिहून घ्यायच्या. रीत त्यांनीच सुरू केली होती. दुपारी बायका यायच्या, त्यांना हे आवडायचं. पुरुष मात्र संध्याकाळी यायचे, कॅसेट टेबलावर टाकायचे आणि वाईट असेल ते रामकिसनच्या तोंडावर सांगून जायचे. चांगलं असेल तर कार्डावर लिहून मुकाट्याने निघून जायचे. म्हणजे बघा, त्या दुकानात नावं ठेवलेली ऐकू यायची आणि कौतुक डब्यात बंद राहायचं.

रामकिसनचीही एक खोड होती. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. एखादी कॅसेट बुरशी येऊन खराब झाली, किंवा कोणी नेत नाही म्हणून माळ्यावर टाकून दिली, आणि नेमकी तीच कोणी मागितली, तर तो म्हणायचा, “बाहेर गेलीये.” मागणाऱ्याचं मन मोडू नये, एवढाच हेतू. पण अख्ख्या मस्तगडला ते माहीत होतं. रामकिसन “बाहेर गेलीये” म्हणाला की लोक समजून जायचे आणि दुसरी कॅसेट मागायचे.

पहिल्याच आठवड्यात धर्मराज मोठ्या उमेदीने दुकानात आला. त्याच वेळी एका गिऱ्हाइकाने मला परत आणलं होतं. फीत सुरुवातीपर्यंत उलटी न गुंडाळताच मला आणलं होतं, हे मी अजून विसरलेले नाही. तो म्हणाला, “ह्याच्यात काय हाये ओ? म्हातारं नुसतं चालून राह्यलंय. बिलकुल येळ गेला.” आणि त्याने मामांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. दुकानातली दोन-चार माणसं हसली. धर्मराजही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

पंधरा दिवसांनी तो परत आला. “माझी कॅसेट कुठंय, रामकिसनभाऊ? कार्ड बघायचं व्हतं.”

“बाहेर गेलीये,” रामकिसन म्हणाला.

महिन्याने पुन्हा आला. “बाहेर गेलीये.”

दिवाळीनंतर आला. रामकिसनने मान वर न करता सांगितलं, “बाहेर गेलीये.”

आणि मित्रांनो, मी खरंच बाहेर होते! पहिल्यांदा नव्या जालन्यात एका शिक्षकाच्या घरी, दुसऱ्यांदा परतूरला, तिसऱ्यांदा मस्तगडातच मागच्या गल्लीत. दुपारच्या बायकांनी मला डोक्यावर घेतलं होतं. एकीने परत केली की दुसरी दारात उभीच. रामकिसन आयुष्यात तीनदा खरं बोलला आणि तिन्ही वेळा ते खोटं ठरलं. धर्मराजला वाटलं, आपली कॅसेट माळ्यावर पडली आहे आणि रामकिसनभाऊ आपलं मन राखतो आहे. खोदून विचारायचं धाडस त्याला झालं नाही. दुपारी एकदा आला असता तर उषाबाईंनी त्याला बसवून कार्ड वाचून दाखवलं असतं. पण तो यायचा ते सकाळी नाहीतर संध्याकाळी, आणि मग यायचाच बंद झाला.

घरी जाऊन त्याने मूळ कॅसेटवर कोणाचं तरी लग्न भरून टाकलं. धावड्याला तो गेला नाही. आपण त्या म्हाताऱ्या माणसाचं हसं केलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तिकडची लग्नं आली तर तो दुसऱ्या शूटिंगवाल्याचं नाव सुचवायचा. दिलेला शब्द त्याला फार टोचत होता, म्हणूनच तो त्या वाटेला जात नव्हता. आता ‘विकायचं कोकरू’ फक्त माझ्या पोटात उरलं होतं आणि हे मला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझे दिवस मात्र मजेत चालले होते. जालना जिल्ह्यात मी न पाहिलेलं गाव शोधावं लागेल. एकदा एका घरी माझी फीत व्हीसीआरमध्ये अडकली, तर तिथल्या झुंबरबाईंनी पोळी उलटावी तशा हलक्या हाताने ती सोडवली आणि पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळून दिली. कोपऱ्याची चीर मात्र एका नवरदेवाची देणगी. तो माझ्यावर बसला होता. माझ्या डब्यातलं कार्ड भरलं. उषाबाईंनी दुसरं लावलं, मग तिसरं आणि तिन्हींना भोक पाडून दोऱ्याने बांधलं.

मग सीडी आल्या. पापडासारख्या पातळ, चकचकीत. माझ्याकडे यायची माणसं कमी झाली, मग थांबली. तीन-चार वर्षं मी फळीवर धूळ खात उभी होते. शेवटी २००१ च्या उन्हाळ्यात रामकिसनने दुकान आवरायला काढलं. उषाबाई तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या, नाहीतर पुढचं झालंच नसतं. रामकिसनने आम्हाला डब्यांतून काढलं, दोन पोत्यांत भरलं आणि काकासाहेबांच्या दुकानात देऊन टाकलं. काकासाहेब शूटिंगवाल्यांना कोऱ्या आणि वापरलेल्या कॅसेटी विकायचे. त्यांनी ओल्या फडक्याने माझं नाव पुसलं आणि पाठीवरच्या खिट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली.

मित्रांनो, ती पट्टी लागली तेव्हा मी समजले. आता जो कोणी मला कॅमेऱ्यात घालेल तो मामांना पुसणार, साखराबाईंना पुसणार, कोकराला पुसणार. ओरडायला मला तोंड नाही. माझं जे काही बोलणं आहे ते फितीवर आहे आणि फितीवरच घाला येणार होता. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही.

दोन दिवसांनी एका माणसाने दहा कॅसेटी घेतल्या. त्यात मी होते. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि उजवा खांदा कॅमेऱ्याच्या ओझ्याने थोडा खाली आला होता. तो धर्मराज होता. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही.

अंबडजवळच्या एका गावात हळद होती. सकाळी अंगणात नवरीला पाटावर बसवलं आणि धर्मराजने पिशवीतून पहिली हाताला लागली ती कॅसेट कॅमेऱ्यात घातली. ती मीच. लाल दिवा लागला. ज्याने मला भरलं त्याच्याच हाताने मी पुसली जाऊ लागले. सिनेमाचं नाव गेलं. त्यामागून धर्मराजचं नाव गेलं. मामा पटका बांधत घराबाहेर पडतात, तिथून पुढचं तेवढं उरलं होतं.

पण शूटिंगवाल्यांची एक सवय असते. दोन-तीन मिनिटं भरली की ते थांबतात, कॅसेट मागे घेतात आणि नीट भरलं का ते कॅमेऱ्याच्या छोट्या काचेतून बघतात. जुनी कॅसेट असेल तर नक्कीच बघतात. धर्मराजने डोळा लावला. हळद दिसली, नवरी दिसली, चित्र चांगलं होतं. हळद संपली, तरी त्याने लगेच थांबवलं नाही. आणि त्या नखाएवढ्या काचेत राधाकिसनमामा पटका बांधत घराबाहेर पडले.

त्याने काचेवरचा डोळा काढलाच नाही. नवरीची मावशी नंदाबाई हळदीचे हात घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “ओ शूटिंगवाले, हळद इकडं लागून राह्यली, तुम्ही खाली मुंडी घालून काय बघून राह्यले?”

“मामा हायेत माझे,” धर्मराज म्हणाला. तिला काही कळलं नाही. त्याने मला बाहेर काढलं, पाठीवरची पट्टी नखाने खरवडून टाकली आणि मला सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवलं. दुसरी कॅसेट घालून त्याने हळद पुढे भरली. त्याचं पोट हसण्याने हलत होतं की रडण्याने, ते मला आतून कळलं नाही. मी मात्र सुटले होते.

दुसऱ्या दिवशी तो रामकिसनच्या घरी गेला. दार उषाबाईंनी उघडलं. त्या आदल्या दिवशीच परतल्या होत्या आणि माझा रिकामा डबा पाहून नवऱ्याशी भांडल्या होत्या. काकासाहेबांच्या दुकानातही जाऊन आल्या होत्या. धर्मराजने मला सदऱ्यातून काढलं, तेव्हा त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

“सापडली गं बाई,” एवढंच म्हणाल्या.

“वहिनी, ही माळ्यावर पडून व्हती ना बारा वर्षं?” धर्मराजने विचारलं.

“माळ्यावर? अहो, ही घरात थांबतच नव्हती. तुम्ही कधी आलेच न्हाईत. मी म्हणायचे, मोठा माणूस झाला, विसरला आपल्याला.”

“तीनदा आल्तो. भाऊ म्हणायचे, बाहेर गेलीये.”

उषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रामकिसन भिंतीला टेकून बसला होता. “गेलतीच बाहेर,” तो हळूच म्हणाला. “खरंच गेलती. म्या काय सांगायचं मंग?”

उषाबाई आत गेल्या आणि माझा डबा घेऊन आल्या. कार्डं त्यांनी टाकू दिली नव्हती. धर्मराज वाचायला बसला. एकाने लिहिलं होतं, “मारामारी नाही. तरी झोप आली नाही.” दुसऱ्याने, “फार हळू आहे. एवढ्या वेळात आमच्या बापाने तीन बैल विकले असते. पण शेवट बघूनच उठलो.” एका खाटकाने, “बाजार बराबर दाखवला. आमच्या धंद्याला वाईट सिनेमा आहे, पण चांगला आहे.” मागच्या गल्लीतल्या चांगुणाबाईंनी सांगून लिहिलेली ओळ अशी होती: “म्हाताऱ्याने कोकरू गिऱ्हाइकाच्या हातात देऊन परत घेतलं, तिथं मला माझी लेक सासरी धाडली तो दिवस आठवला. दोनदा पाहिला, अजून एकदा नेणार.” एका मुलाने मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, “कोकराचं नाव काय होतं ते का नाही सांगितलं?”

तिन्ही कार्डं वाचून होईपर्यंत चहा गार झाला. त्यात नावं ठेवणारेही होते. धर्मराज त्यांच्यावरही खूश झाला, कारण त्यांनीही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता. मग त्याने सगळ्यांना टीव्हीवर मला लावून दाखवलं. सुरुवातीला हळद आली. “माझंच नाव पुसलं म्या,” तो म्हणाला. “बाकी सगळे हायेत.” एवढा हलका झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात टीव्ही आणि व्हीसीआर गोधडीत गुंडाळून तो धावड्याला निघाला. सोबत उषाबाई आणि रामकिसनही आले. मामा ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, नजर थोडी अधू, पण पटका तसाच. धर्मराज त्यांच्या पायाशी वाकला आणि तसाच थांबला. बारा वर्षं काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं.

पण मामाच आधी बोलले. “आलास का. मला वाटलं, म्या काम वाईट केलं म्हणून तू येत न्हाईस.”

“न्हाई मामा. मला वाटलं, म्या तुमचं हसं केलं.”

“कोण हसलं?”

धर्मराजने कार्डं काढली आणि वाचून दाखवली. मामा मान हलवत ऐकत होते. साखराबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. चांगुणाबाईंची ओळ आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. मग दाराला घोंगडी टांगून उजेड अडवला आणि भरदुपारी सिनेमा लागला.

पहिली तीन मिनिटं हळद चालली. “हे कोणाचं लगीन ओ?” साखराबाईंनी विचारलं. धर्मराज म्हणाला, “थांबा मामी, आता मामा येतेत.” आणि मामा आले. पुढे तासभर सिनेमा चालला. शेवटी साखराबाईंनी पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं आणि घोंगडीमागच्या त्या अर्धवट उजेडात खऱ्या साखराबाई म्हणाल्या, “आमच्या ह्या ध्यानाचं खोटं तेव्हाच कळलं व्हतं मला. गिऱ्हाईक न्हाई म्हणं.” सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसले.

उषाबाईंनी तिसरं कार्ड उलटं केलं. मागे थोडी जागा होती. “मामा, रीत हाये. कसा वाटला ते सांगा, मी लिहिते.”

मामांनी पटका सारखा केला. “लिहा. त्या लेकराला सांगा, कोकराचं नाव लाडी व्हतं. अजून तिच्या पोटची मेंढरं हायेत आमच्यात. आणि लिहा, धर्मराज आला.”

मित्रांनो, तेव्हापासून मी धावड्यालाच आहे आणि तो टीव्ही-व्हीसीआरही. साखराबाईंनी मला पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे, ओल लागू नये म्हणून सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. लग्नसराई संपली की धर्मराज येतो, मला एकदा पुढे-मागे फिरवतो आणि जेवून जातो. खिट्टीच्या जागी आता कोणी पट्टी लावत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. जुनी वस्तू टाकायची असेल तर आधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. कॅसेट असेल तर निदान उलटी गुंडाळून ठेवा. त्या पहिल्या गिऱ्हाइकाला मी अजून माफ केलेलं नाही. आणि कोणाचं काम आवडलं, मग तो सिनेमा असो, भाकरी असो नाहीतर फळ्यावरचं अक्षर असो, तर ते त्याच्या तोंडावर सांगा. नावं ठेवायला आपण दारात जातो, कौतुक मात्र डब्यात ठेवतो. माझ्या डब्यातलं कौतुक त्याच्या धन्याला बारा वर्षं उशिरा पोचलं. पोचलं, हे माझं भाग्य.

मस्तगडात अजूनही कधी कोणी जुनं गिऱ्हाईक भेटतं आणि रामकिसनला विचारतं, ती कोकराची कॅसेट आहे का हो? तो म्हणतो, “बाहेर गेलीये.” मग समोरच्याचा चेहरा बघतो आणि घाईघाईने पुढे सांगतो, “धावड्याला गेलीये. राधाकिसनमामांच्या घरी. जाऊन या.”

आणि मित्रांनो, लोक येतात.